हवापाणी

बाब शेवटची : एकूण

टेंडरचा शेवटचा आकडा आला.

चिमीने पेन्सिल खाली ठेवली. ती टेबलाच्या उतारावरून घरंगळत कडेला गेली. टेबल वडिलांनी, अप्पांनी, स्वतःच्या हाताने केलेलं. गावभरच्या फरशा पाण्यासारख्या सपाट करून देणारा माणूस, पण घरचं टेबल एका अंगाला कलंडलेलं ते कलंडलेलंच राहिलं. वहिनीने पेन्सिल अडवली, उचलून मधे ठेवली. ती पुन्हा निघाली.

खिडक्यांना पडदे नव्हते, नकाशे होते. न मिळालेल्या कामांचे नकाशे अप्पा कधी फेकत नसत, खिडकीला लावत. दुपारचं ऊन त्यांतून गाळून येई आणि कपबश्यांवर, कागदांवर, दादाच्या टकलावर कधीच न बांधलेल्या खोल्यांच्या निळसर रेषा हलत राहत. अप्पा गेल्यापासून नकाशे वाढत चालले होते आणि आता खिडक्या कमी पडत होत्या.

शेवटचा आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, ही पण अप्पांचीच चाल. बोटाने टेबलावर लिहायचा, सगळ्यांनी बघायचा, झालं. चिमीने लिहिला. दादाने तिच्या बोटामागे मान फिरवली आणि कडू गोळी चावली गेल्यासारखं तोंड केलं.

"मोठा झाला," तो म्हणाला.

"कामच मोठं आहे."

"काम मोठं आहे, चिमे. आकडा जाडा आहे. दोन्हींत फरक आहे."

काम होतं पोहण्याच्या तलावाचं. वर छप्पर, उंच काचा, एका बाजूला बघणाऱ्यांच्या पायऱ्या, मागे कपडे बदलायच्या खोल्या. संध्याकाळच्या आत पाकीट पेटीत पडायला हवं होतं. आणि दादाने शब्द देऊन ठेवला होता. या वेळीही पुरेल असा भाव बसला नाही, तर संध्याकाळपर्यंत मामाला तसं सांगायचं आणि कंपनी त्याच्या कंपनीत मिसळून टाकायची. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एके काळी अप्पांचा उजवा हात, भांडून वेगळा झाला तेव्हापासून प्रत्येक कामात समोरचा भिडू. मिसळल्यावर दादाला तिथे साइट मिळणार होती, वहिनीला खरेदीचं खातं. चिमीलाही एक खुर्ची होती. मामाच्या पुतण्याने काढलेले भाव तपासायला.

चाळिशी ओलांडलेली चिमी त्या खुर्चीचा विचार करायची तेव्हा तिला खुर्ची दिसायची नाही, हे कलंडलेलं टेबल दिसायचं. मामा म्हणे ते मोडून फळ्या वापरणार होता.

बाब पहिली : कापाकापी

"नफा कमी करू," दादा म्हणाला.

"नफ्याला हात लावायचा नाही."

"का? देवघरात ठेवलाय?"

"दादा, मिळालं पाहिजे आणि पुरलंही पाहिजे. नफा म्हणजे शेवटी ताटात राहिलेला घास नाही. सिमेंट जशी एक बाब, तशी ती एक बाब. ती काढून काम घेतलं तर आपण फक्त हमाली करणार."

"तिचं बरोबर आहे," वहिनी म्हणाली. नवऱ्याच्या बाजूला बसून नणंदेच्या बाजूने बोलायची तिची जुनी सवय होती. "मजुरी बघा ना जरा. तुमच्या माणसांना तुम्ही लाडाने ठेवता."

"माझी माणसं? आणि तुझ्या टाइल? तलावाला लावतेस का राजवाड्याला?"

"टाइलला हात लावलात तर बघा." वहिनीने चष्मा काढला. ती भांडायला बसली की चष्मा काढून ठेवायची, समोरच्याचा चेहरा धूसर झाला की तिला बोलायला मोकळं वाटायचं. "वन्सं, सांगा यांना. टाइल तुम्ही आणि मी मिळून काढल्यात."

वहिनी 'वन्सं' म्हणाली की समजायचं, वारं फिरलंय. एरवी ती सरळ चिमी म्हणायची.

"मी काढल्या नाहीत," चिमी म्हणाली. "तुम्ही दिलेला आकडा मी नुसता उतरवला."

"बघा, आता मी एकटी."

खोलीच्या कोपऱ्यात आई बसली होती. सुजलेले पाय कोमट पाण्यात सोडून, आणि पाणी कशात, तर सिमेंट वाहायच्या घमेल्यात. नवा टब आणून दिला तर तिने त्यात बटाटे ठेवले होते. तिचे डोळे मिटलेले होते आणि सगळ्यांना वाटलं होतं तिला डुलकी लागलीय.

"फेरी मारली का?" ती म्हणाली.

अप्पा गेल्यावर कोणी फेरी मारली नव्हती.

"आई, आता सगळं कॉम्प्युटर मोजून देतो," दादा म्हणाला.

"मोजून देतो. मी विचारलं, चालून आलात का?"

बाब नकाशात नाही : फेरी

फेरीचे नियम सोपे. एकाने नकाशा धरायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. बाकीच्यांनी टेबलावर तळहात टेकून डोळे मिटायचे आणि पूर्ण झालेल्या इमारतीत शिरायचं. दारातूनच शिरायचं, भिंतीतून नाही. हाताला जे लागेल, पायाला जे लागेल तेवढंच बोलायचं. भाव बोलायचा नाही. कोणी थांबलं तर सगळ्यांनी थांबायचं. आणि बाहेर पडेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, मग घराला आग लागो.

चिमीने नकाशा धरला. ऊन खिडकीतल्या नकाशातून आलं आणि हातातल्या नकाशावर पडलं, एका इमारतीच्या रेषा दुसरीत गुंतल्या, आणि तिने हळूच, झोपेतल्या माणसाला हाक मारावी तसं, सुरू केलं.

चिमी : दार. दोन पाकळ्यांचं. उजवी पाकळी ढकला.

वहिनी : गार आहे. मूठ पितळी नाही, स्टीलची.

चिमी : पुढे तिकिटाची खिडकी.

आई : इथे बसायला काही नाही का? मूल आत पोहेल तोवर मी काय उभी राहू?

चिमी : बाकडं आहे, आई. डावीकडे.

आई : मग ठीक.

चिमी : पुढे या. छप्पर उंच झालं. काचा. समोर तलाव. दादा?

दादा : खड्डा.

चिमी : खड्डा नाही. काम संपलंय. टाइल लागल्यात.

दादा : माझ्या पायाखाली खड्डाच आहे. आणि पाणी लागलंय.

फेरी थांबली.

चिमीने नकाशावरून नजर उचलली. दादाच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. तो कुठे उभा आहे ते तिला कळलं. पीठगिरणीच्या कामावर, त्या जुन्या खड्ड्याच्या काठाशी, जिथे जमीन कोरडी म्हणून भाव दिला होता आणि खालून पाणी वर येतच राहिलं, पंप घरघरत राहिले, अप्पा काठावर उभे राहून नुसते बघत राहिले.

"इथे खाली कातळ आहे, दादा. भोकं पाडून बघितलंय काम काढणाऱ्यांनी, कागद माझ्याकडे आहे. गिरणीत कुणी भोक पाडलं नव्हतं." मग तिने आवाज आणखी खाली आणला. "खोदाईत हवा किती घातलीस?"

हवा हा अप्पांचा शब्द. जे नकाशात दिसत नाही, पण होऊ शकतं, त्याच्यासाठी वरून टाकलेली थोडी रक्कम. अचानक वाढलेला भाव, आजारी पडलेला गवंडी, जमिनीतलं पाणी. हवा लागली नाही तर उरते, लागली तर निघून जाते. अप्पा ती एकदाच, अगदी शेवटी, स्वतः घालायचे.

"थोडी," दादा म्हणाला.

"थोडी म्हणजे?"

दादाने डोळे न उघडता दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि पकडलेल्या माशाची लांबी दाखवावी तसे फाकवले. मासा बराच मोठा होता.

वहिनीला हसू फुटलं.

"हसू नका, वहिनी. तुम्ही टाइलपाशी उभ्या आहात. हात लावून बघा."

वहिनीचं हसू थांबलं. तिचा तळहात टेबलावर हळूहळू सरकू लागला, डावीकडून उजवीकडे, आणि एका जागी अडकला.

"इथून रंग बदलला," ती म्हणाली.

दवाखान्याच्या कामात टाइल कमी पडल्या होत्या. पुन्हा मागवल्या त्या दुसऱ्या भट्टीतल्या, एक छटा फिकट. भिंत अजून उभी होती. कधी औषध आणायला गेली की वहिनी त्या बाजूला बघत नसे. तेव्हापासून ती प्रत्येक कामात फुटतुटीच्या नावाखाली जास्तीच्या टाइल धरायची, आणि त्यावर भावही थोडा चढवून सांगायची. कोणाला सांगितलं नव्हतं.

"तू पण?" दादा मिटल्या डोळ्यांनी तिच्याकडे वळला.

"मी माझ्यापुरती घातली. तुमच्या माशापुढे माझी मासोळी." मग ती म्हणाली, "आणि नकाशावाल्या वन्सं? तुमच्याकडे काही नाही?"

चिमीचे डोळे उघडे होते, तरी तिला वाटलं ते आता मिटावेत. शेवटी, सगळ्या बेरजेच्या खाली, तिने अप्पांची हवा घातली होती. अप्पा घालायचे तेवढी, आणि वर जराशी. त्यांच्या नावाची.

"मी पण घातलीय," ती म्हणाली. "सगळ्यावर."

आई कोपऱ्यातून, तिकिटखिडकीजवळच्या बाकड्यावरून म्हणाली, "म्हणजे हवेवर हवा, तिच्यावर हवा. इमारत कुठंय मग? फुगाच फुगवलात की."

मग ते तिथेच, रिकाम्या तलावाच्या काठावर, डोळे मिटून वाटाघाटीला बसले. अशी बैठक त्या टेबलाने पाहिली नव्हती. वहिनीने अट घातली. टाइल सुरुवातीलाच, एका भट्टीच्या, एका खेपेत मी विकत घेणार, कोणी मधे बोलायचं नाही. दादा म्हणाला, गोदाम कुठंय? वहिनी म्हणाली, तुमच्या जुन्या बुलेटच्या जागी. वहिनीची मासोळी आकड्यातून सुटली. मासा सोडायला वेळ लागला. दादा तिथे उभाच राहिला, आणि शेवटी चिमीने कातळाचा कागद त्याच्या तळहाताखाली सरकवला. वाचता येत नव्हता, डोळे मिटलेले. त्याने नुसता हात फिरवला.

"कोरडं आहे," तो म्हणाला.

हवा एकच राहिली, चिमीची, आणि तिनेही तिच्यातून ती जराशी काढून टाकली. नफा जिथे होता तिथे होता.

बाब : मामा (दर नमूद नाही)

जिन्यावर चपला वाजल्या. खोकला आला. खोकला ओळखीचा होता, पण डोळे उघडायचे नव्हते, म्हणून दादाने आणि वहिनीने नुसत्या माना आवाजाच्या दिशेने केल्या. फक्त चिमीला दिसला. दारात मामा, छातीच्या खिशात पाकीट, चिकटवलेलं. पेटीकडे जाता जाता दादाचं उत्तर घ्यायला आला होता.

"झोपलात का काय सगळे?" मामा म्हणाला आणि मग त्याने टेबलावरचे तळहात पाहिले. चेहरा बदलला. "फेरी?"

"कुणाला मामा बनवायला आलात, मामा?" वहिनी डोळे मिटून म्हणाली.

भिंतीजवळची खुर्ची, जिला अजून त्याच्याच पाठीचा बाक होता, मामाने ओढली. चिमीला दोन शब्द म्हणता आले असते, बाहेर बसा. नियमात कुठे लिहिलं नव्हतं की समोरच्या भिडूला फेरीत घ्यावं. पण त्याने तळहात टेकले होते, आणि तो डोळे मिटत होता लहान मुलासारखे, घट्ट, सगळा चेहरा आवळून.

"कुठपर्यंत आलात?" त्याने विचारलं.

"तलावाच्या काठावर."

"थांबा, मला दारातून यायचंय." आणि तो आला. त्याने दार ढकललं, त्याने बाकड्यावर बसलेल्या बहिणीला "सरक जरा, अक्का" म्हटलं, आणि अक्का कोपऱ्यात घमेल्यासकट खरंच जरा सरकली. मग तो काठावर येऊन उभा राहिला.

"काचा पश्चिमेला आहेत," तो म्हणाला. "संध्याकाळी इथे सगळं केशरी होईल."

"हाताला लागेल ते बोला, मामा. ऊन हाताला लागत नाही."

"मला लागलं."

दादा हसला, वहिनी हसली. काही क्षण खोलीत फक्त ते होते, आणि त्यांच्या सभोवती न बांधलेली, उंच, केशरी जागा. कोणी घाई केली नाही. चिमीला वाटलं, नकाशा धरायची तरी गरज काय, सोडून दिला तरी जागा इथेच राहील.

"उतरा," ती म्हणाली. "उथळ बाजूने. पायऱ्या आहेत."

उतरले. दादाने कठडा धरला, वहिनीने साडी उचलली, मामाने उगाच तोल सांभाळला. मागून आई उतरली. तिला पायऱ्या त्रासाच्या, पण फेरीत गुडघे दुखत नाहीत.

बाब : पाणी

"बाळ्या," आई म्हणाली. मामाला जगात एवढ्याच एका माणसाने असं म्हणावं. "तुला काही वेगळं वाटतंय का इथे?"

"काय?"

"मला वाटतंय. इथे घमेल्यात माझे पाय पाण्यात आहेत. तुमच्या तलावात उतरले आणि पाय कोरडे झाले."

"अगं आई, पाणी ते नंतर भरणार," दादा म्हणाला. "आपण बांधून देणार."

"गळतो का नाही ते न बघता देणार?"

चिमीने नकाशा खाली ठेवला आणि अटींचा जाड गठ्ठा ओढला. तिने तो वाचला होता, पण आयुष्यभर घरं, दवाखाने, गिरण्या बांधल्या होत्या. चाचणीचं पाणी म्हणजे छतावर चार बादल्या. तिथे होतं, साध्या वाक्यात, आणि तिने ते मोठ्याने वाचलं. तलाव काठोकाठ भरून दाखवायचा, पातळीची खूण करायची, उतरली तर रिकामा करून दुरुस्त करून पुन्हा भरायचा. पाणी ठेकेदाराने आणायचं. नळाचं मिळणार नाही.

"एकदा भरून भागत नाही," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम साइटवरचा झाला. "पहिल्यांदा गळतोच. कोपऱ्यातून."

"म्हणजे दोनदा. टँकरनं," वहिनी म्हणाली.

"आणि मधे उपसायला पंप."

फेरी अप्पांनी शिकवली होती, दोन्ही घरांना, आणि अप्पांची फेरी कोरडी होती. बाकीच्या कंपन्यांकडून ही चूक झालीसुद्धा नसती. त्या डोळे उघडे ठेवून भाव काढायच्या. मामाचे डोळे अजून मिटलेले होते, पण त्याचा उजवा हात टेबलावरून उठला आणि छातीवरच्या खिशावर, पाकिटावर जाऊन बसला.

"चला, बाहेर," चिमी म्हणाली. "मागच्या दाराने. डोळे उघडा."

सगळ्यांनी उघडले आणि ऊन सोसेना म्हणून पुन्हा मिचकावले.

बाब शेवटची (सुधारित) : एकूण

चिमी बेरीज करायला बसली. वहिनीने पाहुण्याकडे आणि दादाकडे आळीपाळीने बघितलं. मामा स्वतःहून उठला, भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी डोळे झाकून उभा राहिला, लपंडावात राज्य आल्यासारखा. पांढऱ्या केसांचा, पोट सुटलेला, समोरच्या कंपनीचा मालक.

"लवकर आटपा," तो भिंतीला म्हणाला. "मला पण परत घरी जायचंय. पाणी भरायला."

चिमीची बेरीज संपली. बोट टेबलावर टेकवलं तर ते घामाने चिकटलं, आकडा उमटेना. ती उठली, कोपऱ्यात गेली, आईच्या घमेल्यात बोट बुडवलं, आणि ओल्या बोटाने टेबलावर आकडा लिहिला.

वहिनीने चष्मा लावून बघितला आणि मान हलवली. दादाने बघितला. पाण्याचा आकडा खिडकीतल्या उन्हात चमकत होता आणि टेबलाच्या उताराने त्याच्या एका शून्यातून एक ओघळ कडेकडे निघाला होता.

"बारीक झाला," दादा म्हणाला.

"पुरेल?"

तो पुन्हा वाकला. आता तो दर बघत नव्हता, तलाव बघत होता, दोनदा भरलेला, एकदा उपसलेला. आकडा कडांकडून आटत गेला. आधी उभ्या रेषा गेल्या, मग शून्यं.

"पुरेल," तो म्हणाला.

"झालं का?" भिंतीने विचारलं.

"झालं, मामा."

मामा वळला. टेबल कोरडं होतं. तो आईसमोर जाऊन उभा राहिला. "अक्का, तू हे मी इथे असताना बोललीस. मी निघेपर्यंत थांबली असतीस तर?"

"तलावात होतास तू," आई म्हणाली. "कोरड्या तलावात सोडून यायचं का तुला?"

मामा दारापर्यंत गेला, थांबला. "हवा किती ठेवलीस गं, चिमे?"

"दर विचारायचा नाही."

"दर नाही विचारत."

"श्वासापुरती आहे."

मामाने मान डोलावली. मग तो दादाकडे वळला, आणि खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं तो आता काय विचारणार. "तुझं काय? संध्याकाळपर्यंत सांगतो म्हणाला होतास."

दादा चिमीकडे बघत नव्हता. काम मिळेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. कदाचित हाही नकाशा एखाद्या खिडकीला लागेल. चिमीने पाकिटाची कड दुमडली, हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पाकीट दाबून चिकटवू लागली.

पेन्सिल घरंगळली. वहिनी उठून चहाचे कप गोळा करत होती, कडेला कोणी नव्हतं.

दादाने हात पुढे केला आणि ती अडवली.

"नाही जमायचं, मामा," तो म्हणाला. "इथे कडेला एक माणूस लागतो."